झोपलेली राजकन्या

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. दहावीचे वर्ष, त्यामुळे फराळाच्या डब्यांइतकीच जागा तिच्या दप्तराने घरात अडवलेली. एका दुपारी एका हाताने चिवडा खात आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून ती प्रजननाच्या धड्यावरची एक चित्रफीत पाहत होती. आवाज माझ्याही कानांवर पडत होता. वीरश्रीने भारलेल्या आवाजात कोणी सांगत होते, की कोट्यवधी शूर शिपाई मोहिमेवर निघाले आहेत, वाटेत बहुतेक जण धारातीर्थी पडत आहेत आणि शेवटी एकच वीर तटाला खिंडार पाडून आत शिरणार आहे. शिपाई म्हणजे शुक्रजंतू आणि तट म्हणजे स्त्रीबीजाचे आवरण, हे मी ओळखले. तेवढ्यात नातीने चित्र थांबवले आणि विचारले, ‘‘आजी, आणि ते बीज काय करत असतं गं? नुसतंच वाट बघत बसतं?’’

मी हसले. पण हा प्रश्न मला नवा नव्हता. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्गात सगळे खालमानेने वहीत पाहत असताना, धीर करून उभी राहिली होती आणि तिने विचारले होते, ‘‘बाई, स्त्रीबीज काहीच करत नाही का?’’ मी फळ्यावर एक मोठे वर्तुळ आणि त्याकडे धावणारी शेपटीवाली टिंबे काढून नुकतीच मागे वळले होते. ‘‘ते स्थिर असते. बस खाली,’’ एवढेच मी बोलले आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले. धडा एकदाचा संपावा, ही घाई तिच्यापेक्षा मलाच जास्त होती.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा एमिली मार्टिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध हाती आला. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पाठ्यपुस्तकांत स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांचे वर्णन कोणत्या शब्दांत केले जाते, हे त्यांनी तपासले होते. शुक्रजंतू धावतो, भेदतो, जिंकतो. स्त्रीबीज मात्र वाहत जाते, ढकलले जाते, वाट पाहते. पुरुषाच्या शरीरात रोज कोट्यवधी शुक्रजंतू तयार होतात याबद्दल पुस्तके अचंबा व्यक्त करतात. स्त्रीच्या शरीरातली बीजे जन्मापासूनच साठवलेली असतात, म्हणून त्यांच्याबद्दल मात्र ती वाया जातात, झिजतात अशी भाषा. मासिक पाळीचे वर्णन तर जणू काही बिघडल्यासारखे, कारखान्यातला माल फुकट गेल्यासारखे. आमच्या मराठीतही पाहा, शुक्रजंतू ‘तो’ आणि स्त्रीबीज मात्र ‘ते’!

प्रत्यक्षात शरीरात काय घडते? शुक्रजंतूच्या शेपटीचा पुढे रेटण्याचा जोर अगदी क्षीण असतो, त्याचे डोके बाजूंना हलते तो जोर त्याच्या कितीतरी पट जास्त असतो. स्वतःच्या बळावर तट फोडणे त्याला जमण्यासारखे नाही. बीजाचा पृष्ठभाग त्याला धरून ठेवतो, म्हणून तर तो तिथे टिकतो. स्त्रीच्या शरीरात काही काळ राहून तयार झाल्याशिवाय शुक्रजंतूला फलन करताच येत नाही, हे तर १९५१ सालीच दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवले होते. बीजाभोवतीच्या द्रवातली रसायने शुक्रजंतूंना आकर्षित करतात. एका स्त्रीच्या शरीरातला द्रव एका पुरुषाच्या शुक्रजंतूंना अधिक ओढतो, तर दुसरीचा दुसऱ्याच्या, असे २०२० साली स्टॉकहोम आणि मँचेस्टरच्या संशोधकांना आढळले. म्हणजे ही शर्यत नव्हे, लढाई तर नव्हेच. दोन पेशींनी मिळून केलेले ते काम आहे.

मग शिपाई आणि तट आले कुठून? सूक्ष्मदर्शकातून ते कोणाला दिसले नव्हते. ते आले गोष्टींतून. राजपुत्र काटेरी कुंपण ओलांडून येतो आणि झोपलेल्या राजकन्येला जागे करतो, ही गोष्ट युरोपातली मुले पिढ्यान् पिढ्या ऐकत आली. फ्रान्समध्ये पेरोने ती १६९७ साली छापली, जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली, आणि १९५९ साली डिस्नेच्या चित्रपटातून ती जगभर गेली. लहानपणी ही गोष्ट ऐकलेला मुलगा मोठा होऊन शास्त्रज्ञ झाला, की भिंगाखालीही त्याला तीच राजकन्या दिसते.

हे वाचल्यावर मला वाटले, की पाश्चात्त्य समाजाने स्त्रीला नेहमीच अशी निद्रिस्त, निरिच्छ मानले असावे. पण पुढे वाचत गेले आणि चकित झाले. चार-पाचशे वर्षांपूर्वी त्याच युरोपचे मत याच्या अगदी उलट होते!

सुरुवात अर्थातच आदम आणि हव्वा यांच्यापासून. बायबलच्या पहिल्या ग्रंथातल्या त्या गोष्टीत फळ आहे ते बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचे. ते सफरचंद होते असेही तिथे म्हटलेले नाही आणि ते खाणे म्हणजे शरीरसंबंध, असेही नाही. पण चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेल्या संत ऑगस्टीनने त्या गोष्टीचा असा अर्थ लावला, की आदमचे पाप वंशपरंपरेने प्रत्येक माणसात उतरते आणि मनाला न जुमानणारी कामवासना ही त्याच पापाची शिक्षा आहे. ऑगस्टीन स्वतः तरुणपणी एका स्त्रीबरोबर अनेक वर्षे राहिला होता, त्यांना मुलगाही होता. आत्मचरित्रात त्याने मुलाचे नाव लिहिले, तिचे नाव मात्र लिहिले नाही. त्याची स्वतःच्या मनाशी चाललेली झुंज पुढे हजार वर्षे अर्ध्या जगाचा धर्मविचार होऊन बसली.

हीच गोष्ट ज्यू लोकांच्याही धर्मग्रंथात आहे, किंबहुना मूळची ती त्यांचीच. पण त्यांनी तिच्यातून असे वंशपरंपरागत पाप काढले नाही. उलट पत्नीला शरीरसुख देणे हे पतीचे कर्तव्य आणि तिचा हक्क, असे त्यांचे धर्मशास्त्र सांगते. एकच गोष्ट, दोन वाचने आणि दोन निरनिराळे संसार.

ऑगस्टीनच्या परंपरेत हव्वेच्या लेकी मोह घालणाऱ्या ठरल्या. १४८६ च्या सुमारास हाइनरिश क्रॅमर या जर्मन धर्मगुरूने चेटकिणी कशा ओळखाव्यात यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. चेटूक उपजते ते कामवासनेतून आणि स्त्रियांची वासना कधीच तृप्त होत नाही, असे त्याचे प्रतिपादन. पुढच्या दोन-तीन शतकांत युरोपात चेटकिणीच्या आरोपाखाली ४० ते ६० हजार माणसे मारली गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या साऱ्या काही एका पुस्तकामुळे मेल्या नाहीत. भांडणतंटे, साथी, दुष्काळ, धर्मयुद्धे अशी अनेक कारणे होती. पण शेजारणीकडे संशयाने पाहायला एक तयार गोष्ट लागते, ती त्या काळी सर्वांना पाठ होती.

वैद्यकही त्याच वाटेने चालले होते. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन याच्या मते पुरुषाप्रमाणे स्त्रीचेही बीज असते, आणि ते सुटायचे तर तिलाही सुख व्हावे लागते. त्यामुळे मूल हवे असेल तर पत्नीच्या सुखाकडे लक्ष द्या, असा सल्ला सतराव्या शतकातल्या सुईणींच्या पुस्तकांतही मिळतो. ऐकायला हे किती चांगले वाटते! पण याच समजुतीची दुसरी बाजू भयंकर होती. सुखाशिवाय गर्भ राहत नसेल, तर बलात्कारानंतर जिला दिवस राहिले तिची संमती असलीच पाहिजे! तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘ब्रिटन’ या नावाच्या इंग्रजी कायदेग्रंथात हे चक्क नियम म्हणून लिहिलेले आहे.

वाचकांना वाटेल, कुठल्या जमान्यातली ही गोष्ट! तर ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातून सिनेटची निवडणूक लढवणारे टॉड एकिन यांनी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत असे सांगितले, की खराखुरा बलात्कार असेल तर स्त्रीचे शरीर गर्भधारणा रोखू शकते. गदारोळ झाला आणि नोव्हेंबरमध्ये ते हरले. गॅलेन त्यांनी वाचला असेल असे मला वाटत नाही. पण गोष्ट टिकायला ग्रंथ वाचावा लागत नाही. ती हवेत असते.

मग ही वासनेने पेटलेली हव्वा शांत, सोज्वळ गृहिणी कधी झाली? हा बदल साधारणपणे अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झाला. १८२७ साली फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्याचे बीज प्रथमच भिंगाखाली पाहिले. पुढच्या दोन दशकांत हेही कळू लागले, की बीज आपल्या ठरलेल्या वेळी आपले आपण सुटते, त्यासाठी सुखाची गरज नसते. गर्भधारणेला स्त्रीचे सुख आवश्यक नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण समाजाने त्यातून काढलेला अर्थ असा, की स्त्रीला सुखाची इच्छाच नसते.

असा अर्थ काढावासा का वाटला? कारण समाजही बदलत होता. कारखाने, कचेऱ्या आल्या. पुरुष कामासाठी घराबाहेर पडू लागला. बाहेरच्या बाजारात स्पर्धा, लबाडी, वासना; घरात मात्र शांती आणि पावित्र्य, अशी वाटणी मध्यमवर्गाने मनाशी केली. घरच्या देवीला वासना असून कसे चालेल? विल्यम ॲक्टन या लंडनच्या डॉक्टरांनी १८५७ सालच्या आपल्या पुस्तकात बहुतेक स्त्रियांना कामभावनेचा फारसा त्रास होत नाही, असे खुशाल लिहून टाकले. त्याच वर्षी इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या राणी व्हिक्टोरियाला नववे अपत्य झाले होते आणि नवऱ्यावरच्या आपल्या प्रेमाबद्दल तिने रोजनिशीत भरभरून लिहिले होते. पण राणीला कोण विचारतो!

हा बदल स्त्रियांवर केवळ लादला गेला असे मात्र म्हणता येणार नाही. अनेक स्त्रियांनी ही सोज्वळ प्रतिमा आपणहून स्वीकारली, कारण तिने त्यांना प्रतिष्ठा दिली. जी वासनेच्या पलीकडची, ती नीतीच्या बाबतीत पुरुषापेक्षा श्रेष्ठ. त्या श्रेष्ठत्वाच्या बळावर त्या शिक्षण मागू शकल्या, दारूबंदीसाठी आणि गुलामगिरीविरुद्ध सभा घेऊ शकल्या. चेटकीण म्हणून जळण्यापेक्षा देवी म्हणून देव्हाऱ्यात बसणे कोणालाही बरेच वाटेल. किंमत नंतर कळते.

ती किंमत पहिल्यांदा मोजली गरीब बायकांनी. १८६४ साली इंग्लंडमध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा झाला. लष्करी ठाण्यांच्या आणि बंदरांच्या गावांत वेश्या असल्याच्या नुसत्या संशयावरून पोलिसांनी कोणाही स्त्रीला धरावे, तिची सक्तीने तपासणी करावी, ती रोगी ठरली तर तिला कोंडून ठेवावे. तिच्याकडे जाणाऱ्या शिपायांची मात्र अशी सक्तीची तपासणी नाही. पुरुषाला वासना आवरत नाही, भल्या घरच्या स्त्रीला ती नसते आणि जिला असते ती भली नव्हे, हे एकदा मानले की हा कायदा न्याय्यच वाटू लागतो. जोसेफीन बटलर या बाईंनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे रान उठवले, तेव्हा कुठे १८८६ साली तो रद्द झाला. हिंदुस्थानात तसाच कायदा १८६८ साली आला होता.

घरातल्या देवीलाही कायद्याने मोकळे सोडले नव्हते. सतराव्या शतकातले इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचे मत त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ साली ग्रंथरूपाने छापले गेले. विवाहाच्या वेळी पत्नी एकदाच जी संमती देते ती तिला परत घेता येत नाही, त्यामुळे पती पत्नीवरच्या बलात्काराचा गुन्हेगार होऊच शकत नाही, असे ते मत. पाहा, हव्वा गेली, देवी आली, तरी हा नियम जागचा हलला नाही. इच्छा फार आहे म्हणून तिला विचारायचे कारण नाही, किंवा इच्छाच नाही म्हणून विचारायचे कारण नाही! इंग्लंडमधल्या सर्वोच्च न्यायपीठाने तो नियम मोडीत काढला १९९१ साली.

आता हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांना मी मुंबईच्या रखमाबाईंची आठवण करून देईन. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले होते. पुढे जाणत्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे, दादाजी भिकाजी यांच्याकडे, नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. बायकोला नांदायला लावण्याच्या अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, तो इंग्लंडमधून इथे आणून लावलेला आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. आणि ते खरेच होते, त्याचे मूळ इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांत होते. तरीही पिन्हे यांच्यावर टीका झाली ती हिंदू धर्म बुडवल्याची! ‘केसरी’सारखे पत्रही रखमाबाईंच्या विरुद्ध उभे राहिले. अपील झाले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

गंमत अशी, की खुद्द इंग्लंडने अशा हुकूमभंगाबद्दलचा तुरुंगवास १८८४ सालीच रद्द केला होता. त्यांनी टाकून दिलेला जोडा आम्ही आमचा परंपरागत म्हणून पायात घट्ट बसवला. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी सुरत, राजकोट इथे दीर्घकाळ बायकांवर उपचार केले. इंग्लंडने नांदायला लावण्याचा हा दावा १९७० साली कायद्यातून काढून टाकला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात तो नवव्या कलमात आहे. हेलसाहेबांचा अपवादही १८६० च्या दंड संहितेतून आपल्याकडे आला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो ठेवलेला आहे. त्याच्या बाजूने बोलणारे ‘आपली कुटुंबसंस्था’, ‘आपली संस्कृती’ असे शब्द वापरतात, तेव्हा मला १७३६ सालचा तो इंग्रजी ग्रंथ आठवतो.

विज्ञानाचे म्हणाल, तर तेही या गोष्टींतून सुटलेले नाही. डार्विनसारख्या थोर माणसानेही १८७१ साली लिहिले, की बहुतेक प्राण्यांत नर उतावीळ आणि मादी लाजरी असते. १९४८ साली बेटमन यांनी फळमाश्यांवर केलेल्या प्रयोगाने त्यावर शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटले. तो प्रयोग पुन्हा करून पाहून त्याच्या पद्धतीतच दोष असल्याचे दाखवून देण्यात आले ते २०१२ साली, म्हणजे ६४ वर्षांनी. मधल्या काळात सारा ब्लॅफर हर्डी ही तरुण अमेरिकन संशोधक राजस्थानात माउंट अबूला वानरांचा अभ्यास करायला आली होती. तिथल्या वानरमाद्या लाजून बसत नव्हत्या. स्वतः पुढाकार घेत होत्या, कळपाबाहेरच्या नरांकडेही जात होत्या. हर्डीचे पुस्तक १९७७ साली आले. तिच्याआधीच्या अभ्यासकांना हे दिसत नव्हते असे नाही, पण ते अपवाद म्हणून बाजूला ठेवले जाई. गोष्टीत न बसणारी गोष्ट डोळ्यांना दिसली तरी मनाला दिसत नाही.

यावर ‘आमच्याकडे पाहा, आम्ही कामसूत्र लिहिले,’ असे म्हणून पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो. जरा थांबावे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपला पूर्वेकडचे सारे देश विलासी, कामातुर वाटत. कामसूत्राचा इंग्रजी अनुवाद रिचर्ड बर्टन आणि मंडळींनी १८८३ साली छापला तो खाजगी वितरणासाठी, गुपचूप. आज आपल्याला वाटते, की पश्चिमेकडचे सारे स्वैर आणि आपण सोज्वळ. माणसे बदलली, दिशा बदलली, खुर्च्या मात्र त्याच दोन आहेत. एक मोहिनीची आणि एक देवीची. कोणाला कुठे बसवायचे एवढेच काय ते आपण ठरवतो.

एमिली मार्टिन यांच्या निबंधाचा शेवटचा भाग म्हणूनच मला फार महत्त्वाचा वाटतो. बीज निष्क्रिय नाही हे सिद्ध झाले, तेव्हा शास्त्रज्ञांची भाषा बदलली, पण कशी? बीज आता सावज पकडणारे झाले, जाळ्यात ओढणाऱ्या कोळिणीसारखे! राजकन्या जागी झाली आणि पाहतो तो तिची चेटकीण झालेली. जागी होऊन ती एक साधी, इच्छा-अनिच्छा असलेली, कधी हो आणि कधी नाही म्हणणारी बाई असू शकते, ही तिसरी गोष्ट अजून कोणाच्या जिभेवर सहज येत नाही.

आणि त्याचे परिणाम भिंगाखाली थांबत नाहीत. शूर शिपाई आणि वाट पाहणारा तट, हे चित्र एकाच वर्गात मुलगेही पाहतात आणि मुलीही. तिने नाही म्हणणे हा किल्ल्याचा तट आहे आणि तो फोडण्यातच पुरुषार्थ आहे, हे मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याला काय हवे हे बोलायचे नसते, हेही मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. विज्ञानाच्या तासाला ते दोघेही शिकून जातात, आणि शिकवणाऱ्या बाईंना वाटते की आपण फक्त धडा पुरा केला.

त्या दुपारी मी नातीच्या शेजारी बसले. तिच्या वहीत वर्तुळ काढले, शेपटीवाली टिंबेही काढली, आणि मग वर्तुळाकडूनही बाहेर बाण काढले. काय काय घडते ते सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘मग पेपरात काय लिहू? हे, की पुस्तकातलं?’’

‘‘पेपरात पुस्तकातलं लिही,’’ मी म्हटले, कारण दहावीचे वर्ष आहे आणि मीही शेवटी शिक्षिकाच. ‘‘पण लक्षात हे ठेव.’’

मागच्या बाकावरची ती मुलगी आता पन्नाशीच्या आसपास असेल. कदाचित तिलाही दहावीतली लेक असेल. तिच्या हाती हा अंक पडला, तर तिला एवढेच सांगायचे आहे, की तुझा प्रश्न बरोबर होता. ‘बस खाली’ हे माझे उत्तर चुकले.